भिंतीवरचं पाणी

मु. नवी कारळवाडी, जि. लातूर
ता. २२ ऑगस्ट २००३

ताहेरभाऊ,

टँकर बंद झाला, आज नववा दिवस. आणि तो माझ्या भिंतीनं बंद पाडला असं घरांची अख्खी लाइन म्हणून राहिली. खुशाली मागून विचारते. आधी हे वाच.

तालुक्याचा साहेब आला होता, टँकर चालू ठेवायचा का न्हाई ते बघायला. जीपमधनं उतरला पण न्हाई. रस्त्याला पहिलं घर माझं, भिंत रस्त्याकडं तोंड करून उभी. त्यानं काचेतनंच वाचलं, फोटू काढला आन् म्हणाला, "तुम्ही स्वतःच लिहिलंय की पाणी मिळालं. आता मी टँकर कोणत्या तोंडानं मंजूर करू?" बाया रिकाम्या घागरी घेऊन जीपच्या पुढं उभ्या. त्यानं घागरी बघितल्या न्हाईत, भिंत बघितली.

भिंतीवर वर तुझी ती क्लासची जाहिरात हायच, 'लातूरचा नंबर एक क्लास, डॉक्टर इंजिनीअर हमखास'. खालच्या रिकाम्या जागेत आता हे हाय: 'दहा वर्षांत कारळवाडी उभी राहिली. घरोघरी नळ, घरोघरी पाणी. आम्ही समाधानी.' आन् त्याच्या खाली, 'समस्त ग्रामस्थ'.

नळ हाय, खोटं न्हाई. घरं बांधली तवाच नळ बसवला. तोटीत कोळ्यानं जाळं केलंय.

मी चौथी शिकलेली. एकेक अक्षर जोडून वाचते, हे पत्र लिहायला पण तीन राती लागल्या, म्हणून माझ्याच भिंतीवर काय लिहिलंय ते गावात सगळ्यात शेवटी मला कळलं. ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी मी लातूरला पोरीच्या खोलीवर, वर्षाराणीकडं गेलेली. सांजच्याला आले तर रंग ओला. मला वाटलं क्लासवाल्यानं साल झालं म्हणून नवं करून घेतलं असंल. दारात बादलीभर चुना उरलेला होता, तू गेल्या साली ठेवलास तसा. मी त्यानं चुलीची भिंत सारवली. खूश होऊन सारवली, सांगायला लाज वाटती.

शेजारच्या दानम्मानं पेंटरला रंग कालवायला दोन घागरी पाणी दिलं. टँकरच्या पाण्यातलं, वाटून आलेलं. 'घरोघरी पाणी' लिहायला आमचंच पाणी लागलं, भाऊ.

आता बाया मला बोलत न्हाईत. परवा उमाबाई माझ्या तोंडावर म्हणाली, "तुला काय कमी, तू समाधानी." पलीकडच्या लाइनीतल्या पोरी माझ्या दारावरनं जाताना घागर वाजवत जातात.

तुला ही भिंत ठाऊक. भूकंपाच्या साली आम्ही पत्र्याच्या शेडात होतो, तू नांदेडहून ट्रकवर बसून आलास आन् शेडांवर नंबर घातलेस. माझा नवरा गेलेला, वर्षाराणी सात वर्षांची, आन् तू तिला कडंवर घेऊन ब्रश धरायला दिलास. तेव्हापासून तुला भाऊ म्हणते. ह्या भागातल्या भिंती तूच लिहितोस. तर मला एवढंच सांग, हे कुणी लिहिलं आन् कुणी लिहायला सांगितलं.

चांगुणा

*

नांदेड
ता. ३० ऑगस्ट २००३

चांगुणाबहेन,

सलाम. पत्र मिळालं. वाचून हैराण झालो.

खरं सांगतो, उन्हाळ्यापासून मी तुमच्या बाजूला फिरकलो नाही. माझं काम हदगाव आणि किनवटकडे चालू आहे. गुडघे धरलेत, शिडीवर चढलो की उतरायला माणूस लागतो. तुझ्या भिंतीवर दुसऱ्या कुणीतरी हात मारला असेल. हल्ली लातूरचे पुष्कळ पेंटर झालेत. कॉम्प्युटरवर अक्षरं काढतात आणि छाप्याने मारतात.

पण बहेन, रागावू नको, एक बात विचारतो. एवढं मनाला का लावून घेतेस? भिंत ती भिंत. वर क्लासवाल्याने लिहिलं 'नंबर एक'. मी स्वतः लातूर जिल्ह्यात अकरा क्लास 'नंबर एक' म्हणून लिहिलेत. एका चौकात तर समोरासमोर दोन नंबर एक आहेत, दोन्ही माझ्या हातचे, दोघांनी चहा पाजला. अकरातले दहा झूठ असणार की नाही? ते सालभर तुझ्या भिंतीवर आहे, तेव्हा तू काही बोलली नाहीस. खाली पाण्याचं लिहिलं तर भांडण. झूठ दोन्हीकडे सारखंच, रंगही तोच, भिंतही तीच. लोक रस्त्याने जातात, वाचतात, विसरतात.

टँकर तर होईल सुरू. साहेब लोकांचं असंच असतं. एक अर्ज टाक.

वर्षाराणीला दुआ. बारावीचं साल आहे, तिला या भानगडीत ओढू नको.

तुझा भाऊ
ताहेर

*

नवी कारळवाडी
ता. ५ सप्टेंबर २००३

ताहेरभाऊ,

खोटं बोलायला चाळीस ओळी लिहिल्यास. तुला एवढं लांब पत्र लिहिताना मी कधी बघितलं न्हाई, तवाच कळलं.

भिंतीजवळ जाऊन बघितलं मी. अक्षराच्या वर आन् खाली निळीची रेघ हाय, धुण्याच्या निळीत दोरी बुडवून, ताणून भिंतीवर टणकावलेली. लातूरची पोरं पट्टी आन् पेन्सिल घेऊन येतात. दोरी तूच मारतोस. आन् दानम्मा काय सांगती? पेंटर म्हाताराच होता, पाणी प्याला आन् म्हणाला, "वर्षाराणी अभ्यास करती का?" लातूरचा छाप्यावाला माझ्या पोरीचं नाव घेऊन विचारतो काय रे?

बरं, तू लिहिलंस. लिहिलंस तर लिहिलंस. पण वर मलाच शहाणपण शिकवतोस की दोन्ही झूठ सारखंच. त्याचं उत्तर देते, कारण त्यानं माझं डोकं चार दिवस फिरलं.

अकरा क्लास नंबर एक. हाव, मला ठाऊक हाय. वर्षाराणीला घेऊन मी त्यातल्या सात क्लासचे जिने चढले गेल्या साली. एकात बाकडी न्हाईत, पोरं एकमेकांच्या पाठीवर वही ठेवून लिहितात. एकात सरच दिसले न्हाईत, नुसता सरांचा फोटू. एकात मॅनेजर म्हणाला, "बाई, खेड्यातल्या मुलींना आम्ही मागं बसवतो, रागवू नका." मी त्याला तिथंच जे बोलायचं ते बोलले आन् जिना उतरले. सातव्यात बसवली पोरगी. म्हणजे खोटं हाय, पण खोट्याला जिना हाय. पाटी हाय, टेबल हाय, टेबलाच्या मागं माणूस हाय. त्याला मी विचारू शकते. पटलं न्हाई तर तोंडावर थुंकून येऊ शकते. तो म्हणतो, आमचं घ्या. मी म्हणते, जा, न्हाई घेत. झालं.

पाण्याचं ज्यानं लिहायला लावलं त्याचा जिना कुठं हाय? मी कुणाचं टेबल वाजवू? तो मला घ्या म्हणतच न्हाई. तो म्हणतो, तुम्ही घेतलंय, तुमचं पोट भरलंय, आन् ढेकर पण दिलाय. माझ्या तोंडात हात घालून ढेकर काढतो तो. आन् मी न्हाई म्हणायला गेले तर साहेब म्हणतो, "ग्रामस्थांनीच लिहिलं, ग्रामस्थच तक्रार करतात. आधी आपसात ठरवा." अर्ज टाक म्हणालास ना? टाकला. हे त्याचंच उत्तर.

क्लासची जाहिरात खोटी निघाली तर एक पोरगी नापास होती. ह्यानं तीनशे घरांचं पाणी गेलं. आता बाया सटवाजीच्या शेतातल्या विहिरीवर जातात. तो भला माणूस हाय, पण पायऱ्या शेवाळलेल्या. सकाळी चारला निघावं लागतं, न्हाईतर ऊन चढतं आन् गुरं येतात.

कोण होता तो, नाव सांग. वर्षाराणीला ह्यात मी ओढत न्हाई. तू ओढलीस, तिचं नाव घेऊन पाणी मागितलंस.

चांगुणा

*

नांदेड
ता. ११ सप्टेंबर २००३

चांगुणाबहेन,

हाव. मी लिहिलं. आधी नाही म्हणालो तो गुनाह झाला. माफ कर किंवा नको करू.

एका माणसाने बोलावून छापील कागद दिला. चाळीस गावं. मजकूर सगळ्यांना एकच, फक्त गावाच्या नावाची जागा कोरी. तीस तारखेला भूकंपाला दहा साल होतात, मोठे लोक गाड्यांतून फिरणार, त्यांना रस्त्याच्या कडेला हे दिसलं पाहिजे. पुढे निवडणुका आहेत, तेही मला समजतं. मी पाठ झाल्यासारखं लिहीत गेलो. एका गावात लिहिताना तर मागे मयतीची तयारी चालली होती आणि मी 'आम्ही समाधानी' लिहीत होतो. कुणी काही म्हणालं नाही. लोकांना वाटतं सरकारी काम असेल.

तुला ठाऊक आहे, मी कोपऱ्यात 'ताहेर पेंटर, नांदेड' घालतो. तीस साल घालतोय. क्लास असो, बियाणं असो, बनियान असो. त्यावरूनच पुढचं काम येतं. पहिल्या गावात सवयीने घातलं तर तो माणूस म्हणाला, "चाचा, ते पुसा. इथं कुणाचंच नाव नको." मी म्हणालो, मग खाली जागा मोकळी दिसेल. तो म्हणाला, तिथं 'समस्त ग्रामस्थ' घाला. मी घातलं.

तुझ्या गावात मी सगळ्यात शेवटी आलो. मुद्दाम. तू लातूरला जातेस तो वार मला माहीत होता. दानम्माने घागरीतून पाणी दिलं, नळातून नाही. मी नळाकडे बघितलं. जाळं मी पण बघितलं बहेन. तरी लिहिलं. एकोणचाळीस लिहून झाली होती, चाळिसावं सोडून कुठे जाणार.

नाव मागू नको. तोच माणूस मला क्लासच्या भिंती देतो. भिंती गेल्या तर या वयात मला कोण नवीन काम देईल? पोरं छापे घेऊन फिरतात. आणि दुसरी गोष्ट तुला सांगायची गरज नाही. असं भांडण पेटलं की आमच्या नावाचा माणूस आधी सापडतो. 'नांदेडच्या ताहेरने गावाची बदनामी केली' एवढं म्हटलं की पुरे. मग कागद कुणी दिला ते कुणी विचारणार नाही.

पण मलाही एक कोडं आहे. तुला एवढा त्रास आहे तर तू स्वतः का पुसत नाहीस? बादलीभर चुना मी ठेवून आलो होतो. दोन तासांचं काम. भूकंपानंतर शेड बांधताना तू बाप्यांच्या बरोबरीने पत्रे उचललेस. मग एका भिंतीवर चुना मारायला माझ्या पत्राची वाट का बघतेस? त्याचं उत्तर दे, मग मला नाव विचार.

ताहेर

*

नवी कारळवाडी
ता. १८ सप्टेंबर २००३

ताहेरभाऊ,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दानम्मा विहिरीच्या पायरीवरनं घसरली. मनगट मोडलं. लातूरला नेऊन प्लास्टर केलं. बाई वेदनेनं रडत न्हवती, म्हणत होती, "मीच पाणी दिलं त्याला, मीच दिलं." मी तिला गप केलं. पण माझ्या पण मनात तेच, की मीच दिली भिंत.

तू विचारलंस का पुसत न्हाई. सांगते. आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई, दानम्माला पण न्हाई.

भिंत माझी न्हाई राहिली. गेल्या साली वर्षाराणीला क्लासात घातलं तवा मॅनेजर म्हणाला, तुमची रस्त्यावरची भिंत आम्हाला द्या, मुलीची निम्मी फी सोडतो. मी दिली. लाज कसली, चांगला सौदा वाटला. कागदावर अंगठा न्हाई, सही केली मी, वळणदार. त्यात लिहिलेलं की भिंत पूर्ण, वरची पण आन् खालची पण. मी वरचंच समजले होते. टँकर बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी उरलेला चुना कालवला होता, बादली बाहेर काढली होती. तेवढ्यात मोटरसायकलवर क्लासचा माणूस आला. म्हणाला, "मावशी, भिंतीला हात लावला तर सवलत विसरा. साहेबांचा शब्द हाय." मी विचारलं, कोण साहेब? तो हसला न् गेला. चुना बादलीतच वाळला.

म्हणजे बघ, मी तुला जिन्याची गोष्ट मोठं तोंड वर करून लिहिली, आन् त्याच जिन्यावरनं माझी भिंत खाली गेली. तू मला खोटारडी म्हण. म्हण, तुला हक्क हाय. तू काम जाईल म्हणून गप, मी पोरीपायी गप. तीनशे घरं तहानलेली आन् आपण दोघं शहाणे.

दानम्माच्या हाताला प्लास्टर होईस्तोवर मी पोरीच्या खोलीवर गेले. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, म्हणंल आई पूस. न्हाई म्हणाली. म्हणाली, "आई, मार्चपर्यंत गप ऱ्हा. सहाच महिने. मग पूस, पाड, काय पण कर." मी म्हणाले, दानम्माचा हात मोडला. तर म्हणाली, "मी डॉक्टर झाले की असे शंभर हात जोडीन." मला राग आला. म्हणाले, हे तुझं बोलणं न्हाई, हे तुझ्या क्लासच्या भिंतीवर लिहिलेलं हाय. ती रडायला लागली, मी तशीच उठून आले, मेसचा डबा आला होता तो पण खाल्ला न्हाई. पोरगी वाईट न्हाई रे. दमलेली हाय. पहाटे उठती, मीपण पहाटे उठते, ती पुस्तकाकडं जाती आन् मी विहिरीकडं.

परत येताना बसमध्ये विचार केला. पुसून काय होणार? पुसलं तर साहेबाच्या फोटूत तर ते हायच. वर म्हणतील, पाणी मिळालं आन् आता लिहिलेलं पुसतात, ह्यांची नियत बघा. म्हणून मी पुसणार न्हाई. ते राहू दे तसंच, एकेक अक्षर. मला फक्त ते 'समस्त ग्रामस्थ' काढायचंय आन् ज्यानं लिहायला लावलं त्याचं नाव तिथं घालायचंय. बस. मग ती पण एक जाहिरात झाली, क्लाससारखी, बनियानासारखी. ज्याला वाटंल पाणी हाय तो मानंल, ज्याला वाटंल न्हाई तो त्याच्या दाराला जाऊन विचारंल. घागरी घेऊन आम्ही तीनशे बाया जाऊ. त्याच्या घरी नळ असंलच, तिथनं भरून आणू.

तीस तारखेला मोठे लोक येणार, गाड्या माझ्या भिंतीपुढनंच जाणार. दोन ऑक्टोबरला ग्रामसभा. सभेत मी उभी राहून सांगणार हाय की भिंत मी दिली, कशाच्या बदल्यात दिली ते पण सांगणार. उमाबाई काय बोलायची ती बोलू दे. पोरीची सवलत जाईल. जाऊ दे. काय करायचं ते मी बघीन, सोयाबीन काढायला जाईन, खोलीवरनं तिला घरी आणावं लागलं तर आणीन, बसनं जाईल रोज. ती माझ्याशी बोलणार न्हाई. ते मी सोसीन असं आत्ता तरी लिहून राहिले, उद्याचं सांगता येत न्हाई.

पण सभेत 'कुणी लिहायला लावलं' म्हणून विचारतील, तवा माझ्या हातात नाव पाहिजे. तू ब्रश घेऊन ये आन् घाल, सुरेख घाल, निळीच्या दोऱ्या मारून. यायला भ्यालास तर कागदावर लिहून पाठव, मी भिंतीवर उतरवीन. वाकडं येईल, पण वाचता येईल. तुझं नाव कुठंच येणार न्हाई, ही माझी जबान.

तू लिहिलंस की आमच्या नावाचा माणूस आधी सापडतो. ते खरं हाय, मी बघितलंय, मला समजावू नको. म्हणून तर आधी विचारून राहिले, न विचारता काही करत न्हाई. पण तू दोन्हीकडनं गप राहिलास तर माझं काय? मी 'समस्त ग्रामस्थ' खरवडणारच हाय. ती जागा मोकळी ठेवता येत न्हाई, तूच म्हणालास. आन् भाऊ, त्या लिहिण्यामागच्या माणसांपैकी मला एकाच माणसाचं नाव ठाऊक हाय. पाच अक्षरांच्या वर जोडायला मला वेळ लागतो, पण ते मला लिहिता येतं. ते तुझं हाय.

मला ते लिहायला लावू नको. हात जोडून सांगते आन् धमकावून पण सांगते, दोन्ही एकदमच.

शनिवारी सत्तावीस तारीख हाय. पोस्टमन दुपारी दोनला येतो, मी भिंतीजवळ बसलेली असंन. तोवर तू तरी ये, न्हाईतर नाव तरी येऊ दे. रविवारी सकाळी मी रंग कालवते.

चांगुणा